फिरकीच्या मुलखात वेग

१३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय सैन्य सोलापूरकडून निघालं, नळदुर्ग ताब्यात घेऊन हैदराबादच्या रस्त्याला लागलं आणि १७ तारखेला निजामाच्या फौजेने शस्त्रं खाली ठेवली. मराठवाड्याबरोबर धाराशिव जिल्हाही मोकळा झाला. सरकारी कागदांत तेव्हा त्याचं नाव उस्मानाबाद होतं.

याच हंगामात पुण्यात वेगळीच धुमाळी चालू होती. डिसेंबरात भाऊसाहेब निंबाळकरांनी काठेवाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा कुटल्या. ब्रॅडमनच्या ४५२ च्या विक्रमाला नऊ धावा कमी असताना काठेवाडच्या संघाने पुढे खेळायलाच नकार दिला. मार्च १९४९ मध्ये पुण्यातच मुंबई आणि महाराष्ट्र रणजी करंडकाच्या उपांत्य सामन्यात भिडले. मुंबई ६५१ आणि ८ बाद ७१४. महाराष्ट्र ४०७ आणि ६०४. एका सामन्यात २३७६ धावा झाल्या. प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमध्ये एवढ्या धावा अजून कुठल्याच सामन्यात झालेल्या नाहीत.

हे आकडे फलंदाजांच्या कौतुकासाठी नेहमी सांगितले जातात. मला त्यात गोलंदाज दिसतात. दिवसचे दिवस रोलर फिरवून निगरगट्ट केलेल्या त्या खेळपट्टीवर वेगवान गोलंदाज म्हणजे बिनपगारी हमाल. वीस-पंचवीस पावलं धावत यायचं, अंगातली सगळी ताकद चेंडूत घालायची आणि चेंडू गुडघ्याच्या वर उठायलाच तयार नाही. मग शहाणा माणूस काय करील? तो धावणं सोडतो आणि बोटं, मनगट, टप्पा यांच्याकडे वळतो. मुंबई-पुण्याच्या गोलंदाजीचा शंभर वर्षांचा इतिहास बराचसा या शहाणपणाचा आहे. तो पुढे तुळजापूरपाशी येऊन कसा वळला, हे सांगण्यासारखं आहे.

सुरुवात पालवणकर बाळूंपासून करावी लागते. घराणं रत्नागिरीकडच्या पालवणचं, चर्मकार समाजातलं. वडील लष्करात नोकरीला होते म्हणून मुलं पुण्यात वाढली. पारशांच्या क्लबात खेळपट्टी झाडायची, रोलर ओढायचा, पगार महिना तीन रुपये. १८९२ च्या सुमारास गोऱ्यांच्या पूना क्लबात बाळू चार रुपयांवर लागले. जाळी उभारायची, रेषा आखायच्या आणि साहेब लोक सरावाला आले की त्यांना चेंडू टाकायचे. कॅप्टन ग्रेग हा तिथला सगळ्यांत तयारीचा फलंदाज. बाकीची मंडळी जमायच्या आधी तासभर येऊन तो बाळूंसमोर उभा राहायचा. त्याला बाद केलं की आठ आणे मिळत, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका सोडून दिली तरी एक गोष्ट पक्की आहे: एवढे तास गोलंदाजी करूनही त्या क्लबात बाळूंना कधी बॅट धरू दिली नाही. फलंदाजी साहेबाची, गोलंदाजी नोकराची, अशी ती सरळ वाटणी होती.

त्या वाटणीतूनच मोठा गोलंदाज तयार झाला. बाळू डाव्या हाताने संथ गतीने टाकत. उजव्या फलंदाजाला हा चेंडू आधी लेग स्टंपच्या रोखाने येतोसा वाटतो, टप्प्यावर बाहेर वळतो आणि बॅटची कड घेतो किंवा तीही न घेता मागे जातो. फलंदाजाला या वळणाची सवय झाली की गोलंदाज त्याच हातवाऱ्याने न वळणारा चेंडू टाकतो. तो सरळ आत घुसतो आणि पायचीत किंवा त्रिफळा. याला आर्म बॉल म्हणतात. बाळूंकडे दोन्ही बाजूंची वळणं होती, वेग बदलण्याची हातोटी होती आणि तासन् तास एकाच जागी टप्पा टाकण्याचा दम होता. दम त्यांनी कुठून कमावला ते वर आलंच आहे.

पुण्याच्या हिंदू क्लबाला गोऱ्यांना हरवायचं होतं, म्हणून बाळूंना संघात घेतलं गेलं. मैदानावर त्यांनी हात लावलेला चेंडू सगळ्यांना चालायचा. चहाच्या वेळी मात्र त्यांना पॅव्हेलियनबाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात चहा मिळे. पुढे ते मुंबईच्या हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवलं. त्या सामन्यात बाळूंचे आठ बळी होते. १९११ मध्ये पटियाळ्याच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघ बहुतेक सामने हरला, पण बाळूंनी सगळ्या दौऱ्यात ११४ गडी बाद केले. हिंदूंच्या संघाचं कर्णधारपद त्यांना शेवटपर्यंत मिळालं नाही. ते १९२३ मध्ये त्यांच्या धाकट्या भावाला, विठ्ठलला मिळालं.

बाळू ऐन भरात होते त्याच काळात इंग्लंडमध्ये बोझांकेट नावाच्या गृहस्थाने एक भलतीच चीज शोधली होती. टेबलावर टेनिसचा चेंडू टप्पा देऊन फिरवायचा आणि समोरच्याला पकडता येऊ नये असं करायचं, असा तो घरगुती खेळ खेळत असे. त्यातून त्याला उलट्या फिरकीची युक्ती सापडली. १९०० साली लॉर्ड्सवर त्याने ती सामन्यात वापरली आणि ९८ धावांवरचा फलंदाज यष्टिचीत झाला. चेंडूचे म्हणे चार टप्पे पडले होते. हीच गुगली.

लेगस्पिनर चेंडू पहिल्या दोन बोटांत धरतो आणि अनामिका शिवणीवर वाकवून ठेवतो. चेंडू सुटताना मनगट उलगडतं, अनामिका झटका देते आणि चेंडू टप्प्यावर लेगकडून ऑफकडे वळतो. गुगलीत मनगट आणखी मुरडलेलं असतं. हाताची पाठ फलंदाजाकडे होते आणि चेंडू करंगळीच्या बाजूने बाहेर पडतो. आता तो ऑफकडून आत येतो. फलंदाज चेंडू बाहेर जाणार या हिशेबाने बॅट लावतो आणि बॅट-पॅडच्या फटीतून चेंडू यष्ट्यांवर. सगळी फसवणूक खांद्याखालच्या वीतभर मनगटात असते, आणि ती शिकायला वर्षं जातात. खांद्याला वेगळाच त्रास होतो, टप्पा सुटतो, फुलटॉस पडतात, कर्णधार चिडतो. म्हणूनच चांगली गुगली टाकणारे कुठल्याही काळात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच.

महाराष्ट्राकडे सदाशिव ऊर्फ सदू शिंदे होते. १९४३-४४ मध्ये विजय मर्चंटांनी महाराष्ट्राविरुद्ध नाबाद ३५९ धावा केल्या तेव्हा शिंद्यांनी त्या डावात ७५ षटकांहून अधिक मारा केला आणि पाच गडी बाद केले. नोव्हेंबर १९५१ मध्ये दिल्लीच्या कसोटीत इंग्लंडचा पहिला डाव त्यांनी ९१ धावांत ६ बळी घेऊन गुंडाळला. एवढं होऊनही सामना जिंकता आला नाही. दुसऱ्या डावात झेल सुटले, ॲलन वॉटकिन्स नऊ तास खेळपट्टीला चिकटून राहिला आणि सामना अनिर्णित झाला. सुटलेल्या झेलांची किंमत मोजणारा पहिला माणूस लेगस्पिनरच असतो. सात कसोटी खेळून शिंदे १९५५ मध्ये विषमज्वराने गेले, अवघ्या ३१ व्या वर्षी. त्यांच्या कन्या प्रतिभा पुढे शरद पवारांच्या पत्नी झाल्या. जावई पुढे भारतीय आणि जागतिक क्रिकेट मंडळाचे अध्यक्ष झाले, हा इतिहासाने नंतर जोडलेला धागा.

शिंद्यांच्या हातून जे निसटलं ते सुभाष गुप्त्यांच्या हाती पुरेपूर आलं. मुंबईचे गुप्ते अंगाने किरकोळ, पण त्यांच्याकडे एक सोडून दोन प्रकारच्या गुगल्या होत्या. एक ओळखली म्हणून फलंदाज खूश व्हावा, तर दुसरी यायची. ३६ कसोटींत १४९ बळी. गॅरी सोबर्स शेवटपर्यंत म्हणत राहिला की आपण पाहिलेला सर्वोत्तम लेगस्पिनर गुप्तेच.

डिसेंबर १९५८ ची कानपूर कसोटी मात्र नीट पाहण्यासारखी आहे, कारण आपल्या गोलंदाजीची ताकद आणि उणीव दोन्ही तिथे एकाच खेळपट्टीवर दिसली. वेस्ट इंडीजच्या पहिल्या डावात गुप्त्यांनी १०२ धावांत ९ बळी घेतले. दहावाही मिळाला असता. गिब्जचा झेल यष्टिरक्षक नरेन ताम्हाणेंकडून सुटला आणि उरलेला एक बळी महाराष्ट्राच्या वसंत रांजण्यांच्या नावावर गेला. वेस्ट इंडीज २२२. भारतही २२२. इथवर बरोबरी. पण समोर वेस हॉल होता. त्याने पहिल्या डावात ५० धावांत ६ आणि दुसऱ्यात ७६ धावांत ५ गडी उडवले, निव्वळ वेगावर. भारत २०३ धावांनी हरला. नऊ बळींच्या त्या कामगिरीला पराभवाची चौकट मिळाली. आपल्याकडे हॉलला उत्तर नव्हतं, कारण हॉलसारखा गोलंदाज घडवण्याची कुणाला गरजच वाटली नव्हती.

त्याच मालिकेत दिल्लीला एक उत्तर काढून पाहिलं गेलं. १९ वर्षांचे रमाकांत देसाई, उंची जेमतेम साडेपाच फूट. पदार्पणात त्यांनी ४९ षटकं टाकली आणि १६९ धावांत ४ बळी मिळवले. पुढे या छोट्या चणीच्या माणसाचा आखूड टप्प्याचा चेंडू हनीफ मोहम्मदसारख्याला त्रास देत राहिला. ४९ षटकं! कोवळ्या वेगवान गोलंदाजाला इतकं पिळून काढणारा कारभार पाहिला की आपल्याकडे ही जात टिकली नाही याचं आश्चर्य वाटत नाही.

गुप्त्यांचा शेवट तर विषण्ण करणारा आहे. १९६१ च्या डिसेंबरात कानपूरला त्यांनी इंग्लंडचे पाच गडी बाद केले आणि भारताने इंग्लंडला पहिल्यांदाच फॉलोऑन दिला. पुढच्या दिल्ली कसोटीच्या वेळी हॉटेलातल्या एका महिला कर्मचाऱ्याने तक्रार केली. तक्रार खोलीतल्या जोडीदाराच्या फोनबद्दल होती, पण खोली दोघांची म्हणून गुप्तेही संघाबाहेर गेले. ते भारताकडून पुन्हा कधीच खेळले नाहीत. वय ३२. ते पत्नीच्या माहेरी, त्रिनिदादला स्थायिक झाले आणि २००२ मध्ये पोर्ट ऑफ स्पेनला वारले. लेगस्पिनरची खरी कमाई तिशीनंतर सुरू होते, हे ज्यांना माहीत आहे त्यांना हा तोटा केवढा ते कळेल.

गुप्ते गेले आणि धाव न देणं हीच कला मानणाऱ्यांचे दिवस आले. नाशिकचे बापू नाडकर्णी सरावाला खेळपट्टीवर नाणं ठेवून त्यावर टप्पा टाकत. १२ जानेवारी १९६४ ला मद्रासला त्यांनी इंग्लंडविरुद्ध सलग २१ षटकं निर्धाव टाकली. डावाअखेर आकडे असे: ३२ षटकं, २७ निर्धाव, ५ धावा, बळी शून्य. शेवटचं शून्य लोक विसरतात. मला तो दिवस त्या काळाचं टोक वाटतो. अचूकतेची पराकाष्ठा झाली आणि गडी एकही बाद नाही. त्यांच्याच वाटेने पुढे पद्माकर शिवलकर आले. प्रथम श्रेणीत जवळजवळ सहाशे बळी घेऊनही, तसेच डावखुरे फिरकीपटू बेदी संघात असल्यामुळे, ते एकही कसोटी खेळले नाहीत.

आहार कमी, शरीर किरकोळ, म्हणून आपल्याकडे वेग नाही, असं तेव्हा सर्रास छापून येई. मला ते पटत नाही. मजुरी करणाऱ्या, रानात राबणाऱ्या माणसांच्या मुलखात खांद्यांची वाण नव्हती. वाण होती वेगाला मोबदला देणाऱ्या व्यवस्थेची. पाटा खेळपट्ट्यांबद्दल वर आलंच. मुंबईत १९४८ पासून कांगा लीग भर पावसात ओल्या मैदानांवर खेळली जाऊ लागली, तिथे मध्यमगती आणि फिरकीचं राज्य. सत्तरच्या दशकात तर भारतीय संघात नवा चेंडू सोलकर, अबिद अली, कधी चक्क गावसकर यांच्या हाती दिला जायचा. दोन-चार षटकांत लकाकी गेली की बेदी, प्रसन्ना, चंद्रशेखर. याच काळात महाराष्ट्राचे पांडुरंग साळगावकर देशातल्या सर्वांत वेगवान गोलंदाजांत गणले जात. कसोटीची टोपी त्यांना मिळाली नाही. ज्या दुकानात वेगाला गिऱ्हाईकच नाही, तिथे माल असून काय उपयोग?

गिऱ्हाईक तयार झालं ते कपिल देवच्या यशानंतर. १९८७ मध्ये मद्रासला एमआरएफ पेस फाउंडेशन सुरू झालं आणि डेनिस लिली मुलांना शिकवायला येऊ लागला. मग वेग येऊ लागला, आणि गंमत म्हणजे तो महानगरांच्या बाहेरून आला. सोलापुरात जन्मलेला सलील अंकोला १९८९ मध्ये कराचीला सचिनबरोबरच कसोटीत उतरला. नगर जिल्ह्यातल्या श्रीरामपूरचा झहीर खान इंजिनिअरिंगच्या नादाने मुंबईला आला, सुधीर नाईकांच्या नजरेस पडला, मद्रासला गेला आणि ३११ कसोटी बळींपर्यंत पोचला. २०११ च्या विश्वचषकात त्याने वाकवलेल्या बोटांच्या पेरांत धरून टाकलेला नकल बॉल बाहेर काढला. हात पूर्ण वेगात फिरतो, चेंडू मात्र उशिरा येतो. अहमदाबादच्या उपांत्यपूर्व सामन्यात मायकेल हसीचा त्याने याच चेंडूवर त्रिफळा उडवला. नागपूरजवळच्या वलनीच्या खाणकामगाराचा मुलगा उमेश यादव त्यानंतरचा.

आता धाराशिव. १९५६ पर्यंत जिल्हा हैदराबाद राज्यात होता. राजधानीत मोईन-उद-दौला करंडक आणि गुलाम अहमदांची ऑफस्पिन, म्हणजे तिथेही फिरकीच. नंतर द्वैभाषिक मुंबई राज्य, मग १९६० ला महाराष्ट्र, आणि क्रिकेटचं दार पुण्याला, तुळजापूरपासून पावणेतीनशे-तीनशे किलोमीटरवर. जिल्ह्याचं नाव खेळात झालं ते खो-खोने. भारतीय संघाची माजी कर्णधार सारिका काळे इथलीच, २०२० ची अर्जुन पुरस्कार विजेती.

पण टेनिस चेंडूचं क्रिकेट मराठवाड्याच्या प्रत्येक मुरमाड मैदानावर आहे, आणि त्याचा गोलंदाजीवर परिणाम होतो. टेनिस चेंडूला शिवण नसते. तो हलका असतो, वारा लागला की भरकटतो आणि हळू टाकला तर जेमतेम बॅट लागूनही सीमापार जातो. फिरकीवाल्याची तिथे डाळ शिजत नाही. टिकायचं तर दोनच उपाय: जोर लावून टाकायचं आणि फलंदाजाच्या बुटाच्या टोकाशी टाकायचं. बॅट खाली यायच्या आत चेंडू तिथे पोचला पाहिजे. यॉर्कर हा शब्द ज्यांनी कधी लिहून पाहिला नसेल अशी मुलं तो बिनचूक टाकतात.

राजवर्धन हंगरगेकर तुळजापूरचा, जन्म १० नोव्हेंबर २००२. उंच, रुंद खांद्यांचा, ताशी १४० किलोमीटरच्या आसपास टाकणारा. त्याचं मुख्य हत्यार आत येणारा चेंडू. शिवण फाइन लेगकडे तिरपी ठेवायची, चकाकती बाजू ऑफकडे. चेंडू हवेत उशिरा वळला की फलंदाजाचा पुढचा पाय आधीच पडलेला असतो आणि पॅडवर आदळण्यापलीकडे काही उरत नाही. जोडीला आखूड टप्प्याचा उसळता चेंडू आणि यॉर्कर. १९ वर्षांखालील विश्वचषकासाठी तो २०२२ मध्ये वेस्ट इंडीजला गेला. आयर्लंडविरुद्ध त्याने १७ चेंडूंत नाबाद ३९ धावाही झोडल्या, आणि ५ फेब्रुवारीला अँटिग्वात इंग्लंडला हरवून भारताने तो विश्वचषक जिंकला. त्याच महिन्यातल्या लिलावात ३० लाखांच्या पायाभूत किमतीवरून बोली चढत गेली आणि चेन्नईने त्याला दीड कोटीला घेतलं.

पहिला आयपीएल सामना मिळायला वर्ष गेलं. ३१ मार्च २०२३, अहमदाबाद, समोर गतविजेता गुजरात. धोनीच्या हाताखाली त्याने ४ षटकांत ३६ धावा देऊन ३ बळी घेतले: साहा, साई सुदर्शन, विजय शंकर. चेन्नई हरली. त्या मोसमात तो दोनच सामने खेळला. १९ जुलैला कोलंबोतल्या स्पर्धेत भारत अ संघाकडून पाकिस्तान अ विरुद्ध त्याने ४२ धावांत ५ गडी बाद केले. पाकिस्तानचा डाव २०५ वर आटोपला आणि साई सुदर्शनच्या शतकाने भारताने सामना सहज घेतला. चार दिवसांनी त्याच संघांच्या अंतिम सामन्यात पाकिस्तान १२८ धावांनी जिंकला. वेगवान गोलंदाजाची वाट अशीच खाचखळग्यांची असते. पाठ, गुडघे, घोटे यांतलं काही ना काही दुखत असतं आणि पुढची संधी कधी येईल ते ठरलेलं नसतं.

राजवर्धन पुढे किती मोठा होतो हे त्याचं शरीर आणि निवड समिती ठरवेल. जिल्ह्यातल्या परंडा, उमरगा, कळंबच्या स्पर्धा भरवणाऱ्या मंडळांना मात्र एक विनंती करायची आहे. बक्षिसांच्या फलकावर प्रत्येक षटकारामागे रोख रक्कम लिहिलेली असते, मालिकावीराची मोटारसायकल बहुधा फलंदाजाच्या घरी जाते. यंदा त्या फलकावर आणखी एक ओळ लिहा: यॉर्करवर त्रिफळा उडवणाऱ्याला षटकाराच्या दुप्पट. आणि पैसे मैदानातच, त्याच्या हातात द्या.